धबधब्याला निघण्यापूर्वी परतीची वेळ ठरवा

इंदूरच्या राजेंद्रनगरमधून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आमचे एकत्र कुटुंब आहे. १५ ऑगस्टच्या सुट्टीला नणंदबाई मुलांसह पुण्याहून येणार आहेत. माझ्या दिरांनी मोबाईलवर एका धबधब्याचा व्हिडिओ पाहिला. तो महूच्या पलीकडे, विंध्याच्या उतारावर, जंगलात आहे. शेवटच्या गावापासून चार किलोमीटर पायी जावे लागते, पाटी नाही, कोणी जात नाही. पातालपानीच्या धबधब्याला जत्रेसारखी गर्दी असते, म्हणून इथेच जायचे, असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही अकरा जण आहोत. त्यात माझी नऊ वर्षांची मुलगी आहे आणि अडुसष्ट वर्षांचे सासरे आहेत, त्यांचा एक गुडघा दुखतो. मी काही विचारले की घरात सगळे मला भित्री म्हणतात. बेत मोडावा असे मलाही वाटत नाही. एका दिवसाची ही सहल नीट कशी आखावी? मामंजींना न्यावे का? आणि भाऊजींना न दुखावता हे कसे सांगावे?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेले प्रश्न भित्रेपणाचे नाहीत. पाटी नसलेल्या जागी अकरा जणांना घेऊन जाणाऱ्याने ते निघण्यापूर्वी विचारायलाच हवेत. तुमच्या पत्रावरून असे दिसते की भाऊजींच्या बेतात जाण्याचा दिवस, गाड्या आणि डबे हे सगळे ठरले आहे, पण दोन गोष्टी ठरलेल्या नाहीत: किती वाजता परत फिरायचे, आणि 'आता फिरा' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा. माझ्या मते अशा सहलीचे सगळे बरेवाईट या दोन गोष्टींवर अवलंबून असते, आणि पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक त्यांच्याच अनुषंगाने आहे. पण त्याआधी तारखेविषयी बोलायला हवे.

१५ ऑगस्टला तिथे जाऊ नका. आपल्या माळव्याच्या पठारावर काळी, चिकण माती आहे आणि तिच्याखाली बसाल्टचा कातळ आहे. जून-जुलैचा पाऊस ही माती पोटात घेते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिची तहान भागलेली असते आणि त्यानंतर पडणारी जोराची सर जमिनीत न मुरता थेट ओढ्यांना मिळते. हे ओढे पठारावर पसरट आणि उथळ असतात, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतात. मात्र पठाराच्या कडेशी येताच तेच पाणी एका अरुंद घळीत शिरते आणि कड्यावरून खाली कोसळते. याचा अर्थ असा की वर कितीतरी शेतांवर आणि माळांवर पडलेला पाऊस तुम्ही जिथे उभे असाल त्या चिंचोळ्या जागेतून जाणार असतो. घळीत उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावरचा आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो. तुमच्या अंगावर ऊन असताना काही किलोमीटर मागे पाऊस पडत असू शकतो, आणि त्याचे पाणी पोहोचेपर्यंत तुम्हाला त्याची खबरही नसते.

पातालपानीला १७ जुलै २०११ रोजी हेच घडले. चोरल नदीच्या पात्रात, धबधब्याच्या तोंडापाशी, सहलीला आलेले पाच जण पाण्यात उभे होते. पाणी एकाएकी वाढले, त्यांना काठावर येता आले नाही, आणि काठावर उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत ते कड्यावरून वाहून गेले. त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. तिथे त्या वेळी माणसे होती, रस्ता जवळ होता, रेल्वे स्थानक जवळ होते, तरीही त्यांना वाचवता आले नाही. तुमच्या दिरांना जो धबधबा हवा आहे तिथे यांपैकी काहीच नसणार. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी पाण्यात उतरण्यास, आणि काही जागी मुळात जाण्यासच, बंदी घालते, त्यामागे अशा घटनांचा अनुभव आहे. निघण्याच्या आठवड्यात असा आदेश लागू आहे का, हे वर्तमानपत्रात किंवा महूच्या तहसील कार्यालयात विचारून पाहावे, आणि लागू असल्यास तो पाळावा.

सहलीसाठी मी सप्टेंबरचा अखेरचा आठवडा किंवा २ ऑक्टोबरची सुट्टी सुचवीन. तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो, गढूळ पाणी निवळलेले असते, पायवाटेचा चिखल घट्ट झालेला असतो आणि धबधबा अजून भरलेला असतो. त्याहून फार लांबवू नये, कारण विंध्याच्या या कडेचे बरेचसे धबधबे पावसावर जगतात आणि हिवाळा सुरू झाला की त्यांची धार बारीक होत जाते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीचे, जागरण आटोपले, घरातली धावपळ निवली की हे दिवस मोकळे मिळतात.

नणंदबाईंना ऑगस्टमध्येच येणे सोयीचे असेल, तर त्या सुट्टीत सगळ्यांनी पातालपानीला जावे आणि कठड्याच्या अलीकडूनच धबधबा पाहावा. पातालपानी ते कालाकुंड अशी मीटर गेजची वारसा रेल्वे २५ डिसेंबर २०१८ पासून सुरू झाली आहे. पावसाळ्याच्या हंगामात तिच्यातून घाटातले बोगदे, पूल आणि दऱ्या बसल्या जागी पाहता येतात. तिचे दिवस आणि आरक्षण रेल्वेकडे आधी पाहून घ्यावे. हा लोहमार्ग उभा राहावा म्हणून तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते, ही गोष्ट मुलांना गाडीत बसल्यावर जरूर सांगावी. कालाकुंडला उतरल्यावर तिथला पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद घ्यायला विसरू नये. मामंजींसाठी हा प्रवास मला जंगलवाटेपेक्षा अधिक आनंदाचा वाटतो.

आता मूळ बेताकडे वळते. भाऊजींना एकांत हवा आहे आणि त्यात चूक काही नाही. सागाच्या आणि पळसाच्या रानातून चालत असताना धबधबा दिसण्याच्या बऱ्याच आधी त्याचा आवाज कानी येतो, आणि तो अनुभव मुलांना मिळावा असे मलाही मनापासून वाटते. मात्र त्या जमिनीची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. डोंगरावर जाताना आपण ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. आपल्याकडे हे उलटे आहे. इंदूर-महूचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटर उंच आहे, आणि त्याची दक्षिण कड संपली की जमीन निमाडाकडे, नर्मदेच्या खोऱ्याकडे झपाट्याने खाली जाते. महू-मंडलेश्वर रस्त्यावर अहिल्याबाईंच्या काळातल्या जामगेटपाशी उभे राहिले की हा उतार नजरेत भरतो. तेव्हा गावातून निघाल्यावर तुम्ही प्रथम उतरणार, उतरताना सगळ्यांना वाटणार की वाट सोपी आहे, आणि खरी चढण जेवणानंतर, दुपारच्या उन्हात, भिजलेल्या बुटांनी चढावी लागणार. 'इतके आलोच आहोत, तर अजून थोडे खाली जाऊ' हे वाक्य अशा वाटेवर फार महाग पडते.

यासाठी वेळेचा हिशेब परतीकडून मांडावा. सप्टेंबरच्या अखेरीस इंदूरला सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, पण घळीत ऊन त्याच्या बरेच आधी जाते. गिर्यारोहकांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढणीला आणखी एक तास. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला, पण तो धडधाकट, सरावाच्या माणसांसाठी आहे. समजा, तुमची वाट चार किलोमीटर आहे आणि उतार अडीचशे मीटर आहे; या ठोकताळ्याने परतीला सव्वा तास लागेल. लहान मुले, थांबे आणि थकवा धरून तो दुप्पट, म्हणजे अडीच तास, मानावा. पहाटे सहाला घर सोडले आणि आठला गावातून चालायला लागलात, तर दहापर्यंत धबधब्यापाशी पोहोचाल. तिथून बारा वाजता निघायचे. मग अडीचपर्यंत सगळे गाडीपाशी असतील, आणि त्यानंतर उजेडाचे साडेतीन तास हाताशी उरतील. हे तास कोणाचा पाय मुरगळला, कोणी वाट चुकले किंवा ओढा वाढल्यामुळे थांबावे लागले तर त्यासाठी राखून ठेवलेले आहेत. आरामात बसण्यासाठी ते खर्चू नयेत. शिवाय सप्टेंबरअखेरचा पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो, हेही बारा वाजता निघण्याचे कारण आहे.

बाराची वेळ धबधब्याशी पोहोचण्यावर अवलंबून ठेवू नये. अकरा वाजेपर्यंत धबधबा दिसला नाही, तर जिथे असाल तिथे सावलीत बसून डबे उघडावेत आणि तिथूनच परतावे. हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर, मुलांसमोरही, बोलून ठेवावे, म्हणजे त्या क्षणी वाद होत नाही.

तुमच्या दिरांनी पाहिलेला व्हिडिओ आणि नकाशावरची खूण एवढ्यावर अकरा जणांना नेऊ नये. आधीच्या एखाद्या रविवारी दिरांनी आणि तुमच्या यजमानांनी दोघांनीच जाऊन वाट पाहून यावी. गाडी कुठे उभी राहते, गावातून वाट कोणत्या बाजूने सुटते, ओढा कितीदा ओलांडावा लागतो, मोबाईलची रेंज कुठे जाते, हे त्यांनी लिहून आणावे. मला यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ओढा ओलांडण्याचा वाटतो. वाट ओढ्याच्या एकाच काठाने जात असेल तर अडकून पडण्याची भीती कमी असते. ती ओढा ओलांडत असेल तर सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येऊ शकते, आणि गुडघाभर वेगवान पाणी मोठ्या माणसालाही पाडते. एकापेक्षा अधिक वेळा ओढा ओलांडावा लागत असेल, तर मुलांना घेऊन तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावात पोहोचल्यावर कोणाला तरी सोबत घ्यावे. या भागात भिल आणि भिलाला समाजाची वस्ती आहे, आणि गुरे चारणाऱ्या माणसाला त्या दरीची जेवढी माहिती असते तेवढी कोणत्याही नकाशाला नसते. जंगलात ढोरवाटा फुटतात; त्या सगळ्या धबधब्याकडे जात नाहीत. कोणती वाट निसरडी आहे, वरच्या गावांत रात्री पाऊस झाला का, कड्याला आग्या मोहोळ लटकले आहे का, हे तो सांगेल. त्याची दिवसभराची मजुरी बुडते, तेव्हा तिच्याहून अधिक रक्कम आधीच ठरवून द्यावी, आणि त्याचा डबाही सोबत न्यावा. तो 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

जंगल वनखात्याचे आहे. इंदूर वनमंडळात महू, चोरल आणि मानपूर अशी वनपरिक्षेत्रे आहेत. तुमचा धबधबा ज्यात येतो त्या कार्यालयात विचारणा करून परवानगी लागते का ते पाहावे. तिथे आणखी एक गोष्ट विचारावी. या रानात बिबट्यांचा वावर आहे, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात महूच्या परिसरात वाघही फिरत होता. दिवसाउजेडी, बोलत चालणाऱ्या माणसांच्या घोळक्याच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. पण अलीकडे कुठे हालचाल दिसली असेल तर वनरक्षक ते सांगतील. महूच्या भोवती लष्कराची हद्द आणि गोळीबाराची मैदानेही आहेत, तेव्हा फलक दिसताच मागे फिरावे. मुलांना पुढे पळू देऊ नये. पुढे एक मोठे माणूस, मागे एक मोठे माणूस आणि मुले मध्ये, असे चालावे.

धबधब्यापाशी काय करायचे आणि काय नाही, यावर घरात सर्वांत जास्त बोलावे लागेल, कारण तिथे पोहोचल्यावर कोणी ऐकत नाही. धारेखालच्या कुंडात उतरू नये. बसाल्टच्या पात्रात पाण्याने रांजणखळगे कोरलेले असतात. गुडघाभर पाण्यात पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडू शकते, आणि धारेच्या मुळाशी पाणी माणसाला खाली ओढते. वरून दगडही येतात. पाय धुवायचे, पाण्याशी खेळायचे, तर ते धारेपासून पुष्कळ खाली, जिथे पाणी पसरलेले आणि तळ दिसणारे आहे, तिथे, आणि मोठे माणूस खालच्या बाजूला उभे असताना. धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी सुटते तिथे, कोणीही जाऊ नये. फोटोसाठी तर नाहीच. तिथला कातळ शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो आणि पाय घसरला की धरायला काही नसते. जिथे पोहता येणाऱ्यालाही धोका आहे तिथे 'मला पोहता येते' ही परवानगी ठरत नाही, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना नीट समजावून सांगावे.

बसण्याची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा बरीच उंच आणि वर चढून जायला वाट असलेली निवडावी. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या काठावरचा एक दगड हेरून ठेवावा आणि एका माणसाने अधूनमधून त्याकडे पाहत राहावे. तो दगड बुडू लागला, स्वच्छ पाणी तांबूस किंवा मातकट झाले, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, किंवा धारेचा आवाज जड झाला, तर सामान तिथेच टाकून सगळ्यांनी वर चढावे. अशा वेळी पलीकडच्या काठावर कोणी राहिले असेल तर त्याने तिथेच उंचावर थांबावे. पाणी ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. छोट्या ओढ्यांचे लोंढे बहुधा काही तासांत ओसरतात, आणि राखून ठेवलेले साडेतीन तास इथे कामी येतात.

सामानाविषयी थोडक्यात सांगते. प्रत्येकाच्या पाठीवर दोन लिटर पाणी असावे. वरच्या गावांची गुरे त्याच ओढ्यात उतरतात, म्हणून ओढ्याचे पाणी पिऊ नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी नेली तर चूल पेटवण्याची गरज पडत नाही, आणि धूर झाला नाही म्हणजे मधमाश्याही चवताळत नाहीत. त्याच कारणाने अत्तर लावून जाऊ नये. खाच असलेल्या रबरी तळव्याचे बूट, पूर्ण लांबीची विजार, शिटी, विजेरी, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटे आणि मामंजींची किंवा ज्यांची असतील त्यांची रोजची औषधे सोबत असावीत. साप चावलाच तर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये. तो भाग फळीने स्थिर करून माणसाला न चालवता उचलून न्यावे आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना पाठ असावेत, मात्र दरीत रेंज नसेल हे गृहीत धरून घरी राहणाऱ्या किंवा शेजारच्या एका जबाबदार माणसाकडे एक कागद द्यावा: गावाचे नाव, गाडीचा क्रमांक, सोबतच्या वाटाड्याचे नाव, आणि 'साडेचारपर्यंत आमचा फोन आला नाही तर ११२ ला कळवावे' एवढे त्यावर असावे. प्लास्टिकचा प्रत्येक कागद परत आणावा.

मामंजींना त्या वाटेवर नेऊ नये. दुखऱ्या गुडघ्याला चढणीपेक्षा उतार अधिक त्रास देतो, आणि तुमची वाट उतारानेच सुरू होते. खाली गेल्यावर गुडघा धरला तर अडीचशे मीटर चढणीवर त्यांना उचलून आणावे लागेल; चार माणसांना ते काम दिवसभर पुरेल. त्यांना हे 'तुमच्याने होणार नाही' अशा शब्दांत सांगू नये. त्यांना पठाराच्या कडेपर्यंत, गावापर्यंत, जरूर न्यावे. सासूबाई किंवा जाऊबाई सोबत असाव्यात, एक गाडी आणि एक फोन त्यांच्यापाशी असावा, आणि साडेचारचा तो कागद शेजाऱ्यांऐवजी त्यांच्याच हाती द्यावा. वर थांबलेले माणूस ही खाली गेलेल्यांची खरी सोय असते. ते काम नावापुरते नाही, हे त्यांना पटेल, कारण ते खरे आहे.

तुमच्या मुलीला नेता येईल, ती रोज पायी शाळेत जाणारी, खेळणारी असेल तर. आधी एक रविवार तिला राळामंडळच्या टेकडीवर चालवत न्यावे आणि उतरल्यावर ती किती थकते ते पाहावे.

राहता राहिले भाऊजी. जेवणाच्या पानावर, सगळ्यांसमोर, त्यांच्या बेतातल्या उणिवा मांडू नका. तिथे ते बेताची बाजू घेतील आणि तुम्ही पुन्हा भित्र्या ठराल. आधी यजमानांशी बोला, आणि मग दोघांनी मिळून भाऊजींकडे जा. त्यांना म्हणा की तुम्ही शोधलेली जागा आम्हा सगळ्यांना पाहायची आहे, म्हणून तुम्ही आणि हे आधी जाऊन वाट पाहून या, आणि त्या दिवशी 'परत फिरा' म्हणण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहू द्या. हा अधिकार त्यांच्याकडे द्यावा असे मी विचारपूर्वक सांगते आहे. ज्याला पुढे जाण्याची सर्वांत जास्त हौस आहे त्याच्यावर घड्याळाची आणि दगडाची जबाबदारी टाकली की तो सहसा अधिक सावध होतो, आणि वाट स्वतः पाहून आल्यावर १५ ऑगस्टचा आग्रह ते स्वतःच सोडतील असा माझा अंदाज आहे. त्यासोबत एक अट मात्र तुम्ही घालावी आणि ती सर्वांकडून कबूल करून घ्यावी: अकरा जणांपैकी कोणीही, अगदी तुमच्या मुलीनेही, 'मला पुढे जायचे नाही' असे म्हटले, तर तिथून पुढे कोणी एकटे-दुकटे जाणार नाही, सगळे एकत्र परत फिरतील. ही अट भाऊजींना मान्य नसेल, तर मुलांना त्या वाटेवर पाठवू नका, आणि हे त्यांना शांतपणे, पण निघण्याच्या किमान आठवडाभर आधी सांगा.